महादेवाला सोडलेला बोकड

१४ सप्टेंबर १९८६, रविवार

ही वही निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिली होती. सव्वा वर्ष कोरीच पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं.

बायकोच्या, म्हणजे चन्नम्माच्या, भावाचा मुलगा अण्णाराव मिलिटरीत आहे, आग्र्याला. आता त्याची बदली आसामला झाली. जाताजाता आत्याला भेटायला आला आणि सोबत दोन शेळ्या घेऊन आला. आग्र्याहून मनमाड, मनमाडहून परभणी, तिथून पालम आणि पालमहून आमच्या फाट्यापर्यंत एसटीच्या मागच्या बाकाखाली. कंडक्टर त्यांना कुत्री समजला, असं अण्णाराव सांगतो.

मी अठ्ठावीस वर्षं सेलूच्या हायस्कुलात शास्त्र शिकवलं, पण अशी शेळी कधी पाहिली नव्हती. हिला बरबरी म्हणतात. उंची एक हात चार बोटं. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके आणि कान चार बोटांचे, हरणासारखे ताठ. आपल्याकडच्या शेळ्या काळ्या, उंच, लोंबत्या कानांच्या. अण्णाराव म्हणतो, या दिवसाला लिटरभर दूध देतात आणि दारात बांधून ठेवल्या तरी कुरकुर करत नाहीत. दोन्ही गाभण आहेत. आमची चार एकर कोरडवाहू, मुलगी लातूरला नांदते, घरात आम्ही दोघंच. गाय आता झेपत नाही. हे झेपेल, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

शेजारच्या सरजाबाई अकरा शेळ्या राखतात. त्या बघायला आल्या. दोन्ही शेळ्यांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "मास्तर, ह्या अजून वाढणार हायत का हितंच थांबल्या?"

"एवढ्याच असतात."

"मग चांगलं हाय. पाऊस आला की खिशात घालता येतील."

चन्नम्मा पायरीवरून खाली उतरली नाही. आमचं घर लिंगायतांचं. शेळी म्हणजे आज ना उद्या सुरी, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटी म्हणाली, "ठेवा. पण ह्या दारातून एक बी जीव कापायला जाणार न्हाई. गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगा."

मी हात लावला आणि सांगितलं. दूध काढायचं आहे, कापायचं कुणाला आहे?

शेळ्यांची नावं ठेवली: एक नंबर आणि दोन नंबर.

२ ऑक्टोबर, गुरुवार

शेळ्यांना काय आवडतं, याचा प्रयोग केला. अकरा झाडांचा पाला दोन-दोन मुठी ओळीनं मांडला. पहिली पसंती बोरीला, दुसरी बाभळीच्या शेंगांना, तिसरी सुबाभळीला. कडुलिंब चौथा आला, याचं मला नवल वाटलं, म्हणून एक पान मीही चावून पाहिलं. शेळीचं मत मला पटलं नाही. लिंबानंतर तिनं माझ्या उपरण्याचं टोक खाल्लं, पण ते यादीत धरलेलं नाही.

मी "दोन नंबर" म्हणून चार हाका मारल्या, शेळी ढिम्म. तेवढ्यात आतून चन्नम्मा "पिंगे" असं काहीतरी म्हणाली, तर शेळीनं चटकन मान वळवली. दोन नंबरला खालचे स्वर ऐकू येत नसावेत. पुन्हा तपासायला हवं.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठला एक नंबर व्याली. मी घड्याळ, काटा आणि वही घेऊन बसलो होतो. काम सगळं सरजाबाईंनी केलं. अर्ध्या तासात दोन करडं. वजन प्रत्येकी पावणेदोन किलोच्या आसपास. ओंजळीत मावतील एवढी, पण कान मात्र जन्मतःच ताठ.

सरजाबाईंनी शेपट्या उचलून पाहिल्या. "एक पाट, एक बोकड," म्हणाल्या. आणि पाट म्हणजे मादी, हे न सांगता चन्नम्माला कळलं, कारण ती बोकडाकडंच बघत राहिली आणि मग आत गेली.

मला उशिरा उजाडलं. शेळी दूध देते ती व्याल्यावर, आणि व्याली की निम्मी करडं नर निघणार. आठवी-नववीच्या पोरांना मी हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. आणि लिंगाला हात लावताना माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही. नराला दूध नाही, त्याला विकत घेणारा माणूस एकाच कामासाठी घेतो. आता या बोकडाचं काय करायचं?

३० ऑक्टोबर, गुरुवार

दोन नंबर आज व्याली: एकच करडू, पाट. मी सुटकेचा निःश्वास टाकला. जिवंत प्राणी जन्माला आल्यावर माणसानं असा हिशेब करावा, याची लाज वाटली.

७ डिसेंबर, रविवार

दोन्ही शेळ्यांचं मिळून दीड लिटर दूध, करडांचं पिऊन झाल्यावर. अण्णाराव खोटं बोलला नाही. वास अजिबात नाही. चन्नम्मा आधी "माझ्या भांड्याला लावू नका" म्हणायची. आता चहा तिच्याच पातेल्यात होतो आणि तीच म्हणते की म्हशीच्या दुधाचा चहा जड होतो.

बोकड पाच किलो झाला, त्याची बहीण चार. एकाच आईची, एकच दूध. नराची वाढ जास्त असते हे खरं, पण इतकी? शिवाय ज्वारीच्या पिठाचा डबा हल्ली लवकर रिकामा होतो. उंदीर झाले असावेत. चन्नम्माला सांगितलं तर म्हणाली, "असतील."

२० जानेवारी १९८७, मंगळवार

बोकड तीन महिन्यांचाही नाही, तोवर बहिणीवर उड्या मारायला लागलाय. महिन्या-दीड महिन्यात त्याला वेगळा करावाच लागेल. सख्ख्यांची पैदास झाली की पुढची पिढी दुबळी होते. घरात जागा एकच. जनावरांच्या डॉक्टरला विचारावं म्हणून परभणीला निघालो, पण नामांतराच्या मोर्चामुळं गाडी फाट्यावरूनच परत फिरली.

दुपारी एक माणूस सायकल लावून आत आला. बोकडाच्या कण्यावरून त्यानं अंगठा फिरवला आणि "द्यायचा का?" म्हणाला. मी उत्तर द्यायच्या आत चन्नम्मा हातातलं उलथनं तसंच घेऊन दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघून तो सायकलवर बसला. नंतर ती मला एवढंच म्हणाली, "तुमी लिंगाला हात लावलाय." मला माहीत आहे. रोज आंघोळीनंतर पूजेला बसलो की तेच आठवतं.

मठात विचारलं, बोकड नको म्हणाले. लेकीला लिहिलं. तिनं कळवलं, बाबा, दुसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! इतकं सोपं होतं.

आपल्याकडं महादेवाला गोऱ्हा सोडतात. पाठीवर त्रिशूळ काढायचा आणि मोकळं करायचं. मग त्याला कुणी बांधत नाही, मारत नाही, विकत नाही. कुणाच्याही शेतात तोंड घालो, लोक हात जोडतात. गावच्या गाई त्याच्याकडूनच फळतात. मग बोकडानं काय पाप केलंय? येत्या महाशिवरात्रीला याला महादेवाला सोडायचा. देवाच्या जनावराला सुरी लावायची कुणाची छाती होणार?

चन्नम्माला सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली. "खरंच हात लावणार न्हाईत लोक?"

"देवाचं आहे म्हटल्यावर?"

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्या हुशारीवर इतकी खूश झालेली मी दोनदाच पाहिली. पहिली खेप आठवत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. महाशिवरात्र

बोकडाला हळदीचं पाणी घालून धुतला. डागणी द्यायला मन झालं नाही, म्हणून पाठीवर गेरूनं त्रिशूळ काढला. कपाळाला भस्म लावलं. चन्नम्मानं गळ्यात घुंगरू बांधला. कासरा धरून देवळासमोर नेला. निम्मं गाव दर्शनाला आलेलं. मी चार माणसांत उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "हा बोकड मी महादेवाला सोडला. आजपासून याच्यावर माझा हक्क नाही."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग कुणीतरी "बरं केलं मास्तर" म्हणालं, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मुंजाजी तर पुढं येऊन माझ्या पाया पडला. हा गावाबाहेरच्या मरीआईच्या देवळाचं सगळं बघतो. "लय मोठं मन हाय तुमचं. लिंगायताच्या घरनं आजवर कुणी असं केलं न्हाई," म्हणाला.

मला भरून आलं. मी सेलूहून गावात परतलो त्याला दीड वर्ष झालं, पण गावानं आपलं म्हटलं असं आज पहिल्यांदा वाटलं. घरी येऊन चन्नम्माला सांगितलं. ती रिकाम्या खुंट्याकडं बघत बसली होती. "रोज येईल तो, पायाखालची वाट आहे," मी म्हणालो. आणि संध्याकाळी खरंच घुंगरू वाजवत दारात हजर! तिनं त्याला काय खाऊ घातलं ते पाहिलं नाही, मला कुंपण नीट करायचं होतं.

२९ मार्च, रविवार

बोकडाची चंगळ आहे. सकाळी निघतो, गावभर हिंडतो, दुपारी आमच्या लिंबाखाली झोपतो. ज्याच्या दारात जाईल तिथं काहीतरी मिळतं. कुणी तुरीचा भुसा घालतं, कुणी मूठभर मका. मी दर रविवारी त्याचं वजन करतो आणि आलेखावर मांडतो. आज अकरा किलो. लोक इतके भाविक असतील असं वाटलं नव्हतं. सेलूत राहून माणूस गावाबद्दल उगाच वाईट विचार करायला लागतो.

तो गावच्या शेळ्यांच्या मागं लागतो, पण त्या उंच, हा बुटका. आज सरजाबाईंनी त्यांची एक काळी शेळी शेताच्या चरात उभी केली आणि याला काठावर. "मास्तर, दगड टाकला की नदी बी वलांडता येती," म्हणाल्या. परिणाम कळायला पाच महिने लागतील. तारीख लिहून ठेवली.

१० मे, रविवार

मुंजाजी आला होता. बोकडाच्या वाढीत त्याला माझ्याइतकाच रस आहे, हे पाहून बरं वाटलं; गावात अशी चौकस माणसं कमी. त्यानं पाठ दाबून पाहिली, मांडीवर हात फिरवला. "साडेतेरा किलो," मी सांगितलं.

"आखाडापर्यंत किती होईल, मास्तर?"

मी आलेख काढून दाखवला. रेघ पुढं वाढवली. "आषाढाच्या तिसऱ्या आठवड्यात साधारण साडेसोळा. खुराक वाढवला तर सतरा."

"मग खुराक वाढवू," तो म्हणाला. आणि खरंच संध्याकाळी सरकीची पेंड घेऊन आला. मी त्याला एक जास्तीची आलेखाची प्रत करून दिली.

३० जून, मंगळवार

पाऊस ओढ देतोय. पेरण्या खोळंबल्यात. आषाढ लागला.

आज एक विचित्र प्रकार पाहिला. मुंजाजी आणि आठ-दहा जण हलगी वाजवत आले. बोकडाला हळद-कुंकू लावलं, गळ्यात लिंबाच्या पाल्याची माळ घातली आणि पाठीवर तांब्याभर गार पाणी ओतलं. मग सगळे श्वास रोखून बघत उभे राहिले. बोकडानं अंग झाडलं. एकदम आरडाओरडा, आनंद, हलगी! बायकांनी त्याच्या पाया पडून घेतलं.

मी मुंजाजीला समजावलं की यात चमत्कार काही नाही. कातडीखाली स्नायूंचा एक पातळ थर असतो, पाणी पडलं की तो थरथरतो; म्हशीही असंच करतात. तो म्हणाला, "असंल मास्तर. पण झाडलं न्हाई असं बी होतंय कधी कधी."

चन्नम्माही दारात उभी राहून कौतुकानं बघत होती. तिनं बायकांना गूळ वाटला.

९ जुलै, गुरुवार

आजचं आज लिहून टाकतो.

सकाळी सरजाबाई दूध न्यायला आल्या. बोकड लिंबाखाली पडला होता. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सहज म्हणाल्या, "पाच दीस ऱ्हायले बिचाऱ्याचे."

"कशाचे?" चन्नम्मानं विचारलं.

मग सगळं कळलं. मंगळवारी मरीआईची आखाडी. गावाचा बोकड कापायचा आहे, आणि यंदाचा गावाचा बोकड म्हणजे आमचा. पाणी ओतलं ते त्याला विचारायला. अंग झाडलं म्हणजे देवीला पसंत. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला नाही. माझ्या लहानपणी आखाडीच्या दिवशी वडील आम्हाला आत पोथीला बसवायचे आणि दार लावून घ्यायचे. त्या दिवशी बाहेर काय होतं हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. आणि मी स्वतःला चौकस म्हणवतो.

"अवो, तुमाला ठाव नव्हतं?" सरजाबाईंनी कपाळाला हात लावला. "मला वाटलं, इचार करून सोडलाय. गाव मनलं, बगा, लिंगायत असून बी मास्तरानं गावासाठी बोकड सोडला."

"पण महादेवाला सोडला होता!"

"महादेव कवा बोकड घेतोय? गावात बोकड घेणारी एकच हाय. मग तिचाच झाला की. आन असला बोकड पुन्हा कुठं गावायचा? डाग न्हाई, शिंग मोडकं न्हाई, कान फाटका न्हाई. कोरा करकरीत. आईला अंगाला खोट असलेलं चालत न्हाई."

चन्नम्मानं विचारलं, "कान फाटका चालत न्हाई?"

"न्हाई वो. आईला सगळं धड लागतंय."

अशा वेळी बायकांना भलत्याच चौकशा सुचतात. माझ्या डोळ्यांपुढं माझाच आलेख येत होता. साडेसोळा किलो. मीच काढून दिला.

११ जुलै, शनिवार

दोन दिवस मुंजाजीच्या मागं आहे. विनवून पाहिलं, वाद घातला, आवाजही चढवला. तो चिडला नाही, हेच वाईट. उलट माझी समजूत घालत होता.

"मास्तर, तुमीच चार लोकांत बोललात. ह्याच्यावर माझा हक्क न्हाई. बोललात का न्हाई?"

"बोललो. पण—"

"देवाला दिलेलं परत मागितलं तर गाव काय मनंल? पाऊस न्हाई. उद्या काय झालं तर तुमच्यावर येईल. मी तुमच्या भल्याचं सांगायलोय."

त्याचं चूक आहे असं मला म्हणता येईना. माझ्याच शब्दात त्यानं मला बांधलं. दुसरा बोकड विकत आणून देतो म्हणालो, तर म्हणाला, पाणी ह्याच्यावर पडलंय.

घरी आलो. चन्नम्मानं एकदाही दोष दिला नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "मी तुला शब्द दिला होता." ती म्हणाली, "व्हय, दिला होता." बोकड तिच्या पायाशी बसून तिच्या हातातली भाकरी खात होता. ती त्याला "बारक्या" म्हणते, हे मला आज कळलं. पिठाच्या डब्याचे उंदीरही आज कळले.

उद्या सोनपेठला जातो. तिथं आम्हा लिंगायतांचे एक वृद्ध जंगम गुरू आहेत, त्यांचा शब्द आसपास मानतात. त्यांना घेऊन येतो. शेवटचा उपाय.

१२ जुलै, रविवार

जंगम महाराज अंथरुणाला खिळलेत. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "प्रार्थना करा." ती मला घरबसल्याही करता आली असती. दुपारी तीनच्या एसटीनं परत आलो.

येऊन बघतो तर बोकड लिंबाला बांधलेला आणि डाव्या कानाचं टोक गायब! जवळजवळ एक बोट. वर हळद थापलेली. चन्नम्मा भर दुपारी पुन्हा आंघोळ करून, ओल्या केसांनी लिंगपूजेला बसली होती. बराच वेळ उठली नाही. उठल्यावर म्हणाली, "काट्यात अडकला."

मी ताबडतोब कुंपण तपासलं. बाभळीचे काटे एकेक पाहिले. ना रक्त, ना केस. कुत्र्यानं धरला म्हणावं तर दातांच्या खुणा नाहीत. कड सरळ आहे. मुंगूस? मुंगूस असं करत नाही. मला काही उलगडा होईना. तेवढ्यात सरजाबाईंचं परवाचं बोलणं आठवलं आणि मी वही टाकून उडीच मारली. कान! खोट! चालत नाही!

मुंजाजीला बोलावणं पाठवलं. तो आला. कान पाहिला, हळद पुसून पाहिला, मग माझ्याकडं बघत राहिला. "मास्तर, हे तुमी केलंत?"

मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "शपथेवर सांगतो, मी नाही. मी सोनपेठला होतो, कंडक्टरला विचार." माझा आवाज खरा होता, कारण गोष्ट खरी होती. चन्नम्माकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही. जी बाई वाटेत मुंगळा दिसला तर पाऊल वर धरून उभी राहते, तिला काय विचारायचं?

मुंजाजीनं बोटांची हळद धोतराला पुसली आणि म्हणाला, "आईनंच नको मनलं मनायचं. आधी घेतला, मग सोडला. तिचं तिला ठाव." जाताना बोकडाच्या पाठीवर त्यानं हलकी थाप मारली.

मी देवभोळा नाही, पण आज हात जोडले. कुणाला जोडले ते ठरवलं नाही.

१४ जुलै, मंगळवार

हलगी ऐकू येत होती. आम्ही दार लावून आत बसलो, वडील बसायचे तसेच. आमच्या बोकडाच्या जागी सरजाबाईंचा एक काळा बोकड गेला. तोही कुणाच्या तरी हातची भाकरी खात असेलच. चन्नम्मा कालपासून जेवलेली नाही. "वाचला ना तुझा बारक्या," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि हात धुवायला उठली. आज हात फार वेळा धुतले तिनं.

२३ ऑगस्ट, रविवार

पाऊस झाला, उशिरा आणि थोडा. ज्वारी हाताला लागेल.

मुंजाजीचा राग राहिलेला नाही. बोकड गावात हिंडतो, आता खरोखर गोऱ्ह्यासारखा, कुणाचा नाही आणि सगळ्यांचा. लोक त्याला "कान्या" म्हणतात. डावा कान तीन बोटं, उजवा चार. वाढत नाही.

एक गोष्ट लक्षात आली. जेवल्यावर चन्नम्मा पान लावून देते त्यात हल्ली सुपारीची कतरण नसते, खलबत्त्यात कुटलेला चुरा असतो. अडकित्ता कुठं गेला विचारलं तर म्हणाली, हरवला. तिच्या आईनं लग्नात दिलेला, पितळी मुठीचा; एकोणचाळीस वर्षं कमरेच्या पिशवीत सांभाळला. मी म्हणालो, पालमहून नवा आणतो. नको म्हणाली. मला शंका आली. चुरा कशाला? दात दुखत असणार. "दाढ दुखते का?" असं विचारलं, तर तिनं पदर डोळ्याला लावला. फारच दुखत असावी. परभणीला दाताच्या डॉक्टरकडं न्यायला हवं, पण तयार होत नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

सरजाबाईंच्या दोन शेळ्या काल-आज व्याल्या. चराचा प्रयोग मार्चमध्ये फसला होता. जूनच्या शेवटी आम्ही तो पुन्हा केला होता, तो लागला. चार करडं, काळ्या अंगावर तांबूस ठिपके, आणि चौघांचेही कान अर्धवट ताठ, म्हणजे धड लोंबतही नाहीत आणि उभेही राहत नाहीत. सरजाबाई सगळ्यांना बोलावून दाखवतायत. आणखी पाच-सहा बायका आपल्या शेळ्यांसाठी चर खणतायत. मुंजाजीनंही एक पाट मागितली, पाळायला.

आमचा गोठा वाढवायला हवा, म्हणून लिंबाजवळ छपराची नवी मेढ पुरायचं ठरवलं. चन्नम्मा म्हणाली, "तितं नको. पलीकडं खांदा." मी तिला सावली कुठवर पडते ते काठीनं दाखवलं. ती तरी "तितं नकोच" म्हणत राहिली. मग करडं बघायला सरजाबाईंकडं गेली आणि मी तिथंच पहार मारली.

हातभर खाली कापडाची पुरचुंडी निघाली. जुन्या इरकली चोळीचा तुकडा. आत अडकित्ता. पितळी मूठ हिरवट झालेली, पात्याला हळद आणि काळे डाग. आणि वाळलेलं, चामड्यासारखं, एक बोटभर काहीतरी. वर पांढरे बारीक केस.

मी खड्ड्याच्या काठावर किती वेळ बसलो ते पाहिलं नाही. कड सरळ होती. मी स्वतःच लिहिलंय, बारा जुलैला. कुंपणाचा एकेक काटा तपासला आणि घरातल्या बाईच्या हाताकडं पाहिलं नाही. मला माझी लाज वाटली, आणि तिच्याबद्दल जे वाटलं ते इतक्या वर्षांत तिला कधी बोलून दाखवलं नाही. एकटीनं धरला असेल तिनं त्याला, दोन गुडघ्यांत. तो तिच्यावर विश्वास ठेवून उभा राहिला असेल. शब्द मी दिला होता, लिंगाला हात लावून. पाळला तिनं.

पुरचुंडी होती तशी बांधली, खाली ठेवली, माती लोटली, पायानं दाबली. चार हात पलीकडं, उन्हात, दुसरा खड्डा घेतला.

ती परत आली. दोन्ही जागा पाहिल्या. "जागा बदललीत?"

"तिथं खडक लागला," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मी पहारीकडं. मग ती आत गेली आणि खलबत्त्याचा आवाज यायला लागला. जेवण झाल्यावर पान माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "दरदरीत ऱ्हायली का सुपारी?"

मी म्हणालो, "नाही. मला आता अशीच आवडते."